वाचून केलेली सही

२०१७ साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. गावकीत माझ्या शब्दावर दुसरा शब्द पडत नव्हता. शाळेच्या समितीचा अध्यक्षही मीच, आणि माझं स्वतःचं शिक्षण तिसरी. तीही पुरती नाही. अशा गावात तुम्ही आलात, बाई. मुरबाडहून जीपने फाट्यापर्यंत, फाट्यावरून चिखल तुडवत पायी. चपला हातात, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मी मनात म्हटलं, ही बाई चार महिने काढायची नाय. तुमच्या आधीचे गुरुजी शहापूरच्या बाजूला बदली घेऊन गेले होते, आणि त्यांच्या आधीचे तर रुजू व्हायलाच आले नव्हते.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला बोललात. मी शाळेच्या पायरीवर तंबाखू मळत बसलो होतो.

"आबा, अध्यक्ष तुम्हीच ना?"

"मंग? दुसरा कोन दिसतो का?"

"मग थुंकायला कुंपणाच्या बाहेर जा. मुलं अध्यक्षांकडे बघून शिकतात."

गावातल्या दुसऱ्या कोणी असं तोंड उघडलं असतं तर मी त्याला गावदेवीच्या पारावर उभं केलं असतं. पण मी उठलो आणि कुंपणाबाहेर गेलो. का गेलो, ते आजही सांगता येत नाही.

तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले. साक्षीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, जुन्या वहीत मी हे लिहितो आहे. हळू लिहितो. अक्षर मोठं येतं आणि रेघ सोडून खाली घसरतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आबा, अक्षराला माळ्यावर चढवा, ओसरीवर झोपवू नका." हे मी तुमच्या मुलीकडे पाठवणार आहे. पण बोलतोय तुमच्याशीच. तिला एक उत्तर द्यायचं राहिलं आहे, आणि ते तुमच्याशी बोलल्याशिवाय मला देता येत नाही.

आपलं भांडण 'आम्ही' या शब्दावरून सुरू झालं, आठवतं? शाळा आमच्या घरासमोर. रोज सकाळी परिपाठाला पोरं घटनेची उद्देशिका म्हणायची. 'आम्ही, भारताचे लोक' इथून सुरुवात. वर्षानुवर्षं ऐकून माझी ती पाठ झाली होती. बैलांना पाणी दाखवताना माझ्याही तोंडात यायची. एकदा मी तुम्हाला फाटकात अडवलं.

"बाई, हे आमी म्हंजे कोन?"

"तुम्ही. मी. ही पोरं. सगळेच."

"मला कोनी विचारलं नाय. घटना लागू झाली त्या सालचा माझा जन्म, होळीचा. ती लिहून झाली तेव्हा मी आईच्या पोटात होतो."

"तुमच्या वतीने माणसं बसली होती, आबा. जवळजवळ तीन वर्षं. सगळ्या बाजूंची माणसं, बायाही होत्या, डोंगरातल्या लोकांच्या वतीने बोलणारेही होते. एकेका शब्दावर भांडली."

"माझ्या वतीने? माझ्या बापाला म्हाईत तरी होतं का, तिकडं कोन बसलंय ते?"

तुम्ही हसलात. "तुम्ही त्या सभेत असतात ना, तर तीनाची सहा वर्षं झाली असती."

मला ते आवडलं होतं, बाई. तोंडावर दाखवलं नाही एवढंच.

बाकीच्या शाळांत घटनेचा दिवस म्हणजे एक भाषण, एक फोटो, बुंदीचा लाडू. तुम्ही त्या नोव्हेंबरात सातवीच्या पोरांना सांगितलंत, पाठ काही करू नका. घटना कशी झाली ते कळायला हवं असेल तर स्वतः एक करून बघा. आपल्या वर्गाची. कोणीही उठावं, सुचवावं, दुसऱ्याने खोडावं. सगळ्यांना पटेपर्यंत पुढचं वाक्य नाही.

मी अध्यक्ष म्हणून बाहेर ओट्यावर बसायचो आणि ऐकायचो. मला वाटलं होतं, दोन दिवसांत आटपेल. पोरांनी पहिल्या वाक्यालाच चार दिवस लावले. एकीने लिहिलं, 'आम्ही, सातवीची मुलं'. तर सहावीची दारात येऊन उभी. आमच्यावर पण नियम लावणार ना, मग आमचं नाव का नाय? मग पाचवीची आली. शेवटी पहिलीतलं एक शेंबडं पोरगं, चड्डी एका हाताने धरून, आत आलं आणि म्हणालं, "मी पन." त्या दिवशी वाक्य झालं, 'आम्ही, या शाळेतली सगळी मुलं'. तुम्ही फळ्यावर लिहिलंत आणि फळ्याकडेच तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिलात. पोरांना वाटलं, तुम्ही अक्षर तपासताय. मी बाजूने बघत होतो. तुम्ही डोळे पुसत होतात.

होळीपर्यंत चाललं ते. एक कलम मला फार पटलं होतं. ज्याच्यावर नियम लागणार, त्याला विचारल्याशिवाय नियम करायचा नाही. दुसरं कलम तुमचं डोकं होतं की पोरांचं, मला माहीत नाही. नियम बदलला तर जुना खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि नवा खाली लिहायचा. म्हणजे आधी काय होतं ते दिसत राहतं. त्यासाठी कागदाचा खालचा निम्मा भाग कोरा सोडला होता.

आणि एक भानगड झाली ती खिचडीवरून. शाळेत खिचडीच्या रांगेत पोरं आपसूक गावच्या मानाने उभी राहायची. पुढे आमच्या घरची साक्षी, शेवटी सखूचा नातू रोहन. कोणी शिकवलं नव्हतं. आईबापांना बघून शिकली होती. पोरांच्या घटनेने ती रांग मोडली. आज पहिला तो उद्या शेवटी, असं केलं. तर रोहनने हात वर केला आणि विचारलं, "बाई, मंग सावडीत का नाय?"

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीने होते. आज सगळं गाव माझ्या शेतात, उद्या सगळं गाव तुझ्या शेतात. चौदा घरं. पहिलं शेत आमचं, कारण गावदेवीपुढचा नारळ माझा आजा फोडायचा आणि त्याआधी त्याचा बाप. शेवटचं शेत सखूचं. नवरा गेल्यापासून ती एकटी आणि तो नातू. तिची पाळी येईपर्यंत रोप जून व्हायचं, बायांच्या कमरा मोडलेल्या असायच्या, कशीतरी कोंबाकोंबी करून लोक घरी जायचे. तिने कधी तक्रार केली नाही. तिला कोणी कधी विचारलंही नाही.

पोरांनी शेवटचं कलम लिहिलं. सावडीचा पहिला मान दर वर्षी पुढच्या घराला द्यावा. हे आम्ही गावकीला सांगू. याला आमच्या अध्यक्षांची संमती आहे.

आता त्या सहीचं सांगतो.

तुम्ही आणि साक्षी कागद घेऊन आमच्या ओटीवर आलात. कागदावर साक्षीचं अक्षर होतं. मोत्याचे दाणे नुसते. मी कागद हातात धरला, लांब धरला, जवळ धरला. तुम्ही हळूच म्हणालात, "आबा, वाचून दाखवू का?"

ओटीवर तेव्हा आमच्या भावकीतली दोघंतिघंही बसली होती. मी म्हटलं, "का? मला वाचता येत नाय का?"

"तसं नाही. मोठा मजकूर आहे म्हणून."

"अध्यक्ष कोन हाय?" असं म्हणून मी सही ठोकली. तिसरीत शिकलेली एवढीच कला माझ्याकडे होती. माझी सही, शेवटच्या अक्षराला खाली लांब शेपूट. त्या शेपटासाठी मी सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होतो. मी नातीचं अक्षर बघून सही केली. मजकूर बघितलाच नाही. बघता आला नसता.

आवणीच्या आधी गावकी बसली तेव्हा तुम्ही पोरांना घेऊन पाराजवळ आलात. साक्षीने उभं राहून वाचलं. सावडीच्या कलमापाशी आली तसे सगळे पुढे सरकले. तिने शेवटचं वाक्य वाचलं, अध्यक्षांची सही. चौदा घरांची माणसं माझ्याकडे वळली. त्यांच्यातला सुदाम हसून म्हणाला, "काय आबा, मान सोडला का? आमाला आधी सांगायचं ना, ढोल आणला असता!"

तेव्हा मी दोन गोष्टींपैकी एक बोलू शकलो असतो. 'हो, सोडला', असं म्हणू शकलो असतो. किंवा 'मी न वाचता सही केली', असं. मी तिसरंच बोललो. म्हणालो, "मला यातलं काय सांगितलं नाय. बाईंनी फसवून सही घेतली."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. पोरगं पाढा चुकलं की तुम्ही बघायचात, तसं. मग म्हणालात, "चला रे मुलांनो, शाळेची वेळ झाली." एवढंच. 'मी विचारलं होतं', हे तीन शब्द तुम्ही बोलला असतात तर मी उघडा पडलो असतो. पारावर सगळ्यांना कळलं असतं की आबाला वाचता येत नाही. तुम्ही ते शब्द गिळलेत आणि माझी लाज स्वतःच्या पदराखाली घेऊन गेलात.

पुढची किती वर्षं ते तुम्ही सोसलंत, मी बघत होतो. कुठलाही कागद आला, शिष्यवृत्तीचा, बँकेचा, दाखल्याचा, की गावातले लोक म्हणायचे, जपून हां, बाई सही उचलतात. तुम्ही मग प्रत्येकाच्या ओटीवर जाऊन कागद दोनदा वाचून दाखवायचात. मग त्यालाच सांगायला लावायचात, यात काय लिहिलंय ते सांगा. म्हाताऱ्या बायका कंटाळायच्या. पण बाई, आज आमच्या वाडीत अशी एकही बाई नाही जी ऐकल्याशिवाय अंगठा देते. गेल्या साली मोबाईलच्या टॉवरचा एक माणूस कागद घेऊन आला, तर सखूने त्याला सांगितलं, "बस भावा. आधी वाच. मंग मी सांगते तुला तू काय वाचलंस ते." तो घामाघूम झाला. माझ्या खोट्यातून हे एवढं तुम्ही पिकवलंत.

त्याच साली दिवाळीनंतर तुम्ही आमच्याकडे आलात. जसं काही झालंच नव्हतं. चहा घेतलात, बिनदुधाचा, आमच्या घरात त्याला 'बाईंचा चहा' म्हणतात अजून. म्हणालात, "आबा, ही साक्षी उद्देशिका उतरवताना चुका करते. मला एवढ्या पोरांमधून वेळ होत नाही. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्ही तपासा."

मला नाही म्हणता येईना. एका हाताला छापलेला कागद, दुसऱ्या हाताला साक्षीची वही. मी अक्षराला अक्षर लावून बघायचो. पाठ तर होतीच, म्हणून कुठलं अक्षर कसं ऐकू येतं ते कळत गेलं. 'न्याय' हा शब्द मी तीन दिवस बघत होतो. रोज एक चूक सापडायची. सापडली की मी ओरडायचो, "साक्षे! इकडं ये गो! ही वेलांटी कुठं गेली?" ती मान खाली घालून दुरुस्त करायची. उद्देशिका झाली, मग पुस्तकातले धडे, मग पेपरचा तुकडा. पुढच्या पावसापर्यंत मी एसटीची पाटी लांबून वाचत होतो. कोणाला सांगितलं नाही. आधी येत होतं असंच सगळ्यांना वाटत होतं, मग सांगणार काय?

तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही निवृत्त झालात. मग मी मुरबाडच्या बाजाराला आलो की तुमच्याकडे डोकवायचो. पायरीवर चपला काढतानाच भांडण सुरू. यंदा होळीनंतर आलो तेव्हा तुम्ही खाटेवर होतात, उशीला टेकून. श्वास पुरत नव्हता. मी म्हटलं, आज भांडत नाय. तुम्ही म्हणालात, "मग कशाला आलात? डॉक्टर रोज येतोच गप्प बसायला."

तर मी विचारलं. खूप दिवस डोक्यात होतं. "बाई, घटना लिहिणारी माणसं मेली. एकपन उरला नाय. मेलेल्यांनी केलेला नियम जित्यांनी का पाळायचा? आनि पाळायचा तर माझ्या आज्याचा मान का मोडायचा? तोपन मेलेल्यांचाच नियम."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, दमल्या. मग म्हणालात, "चांगला प्रश्न आहे. तुमचा आजवरचा सगळ्यात चांगला. याचं उत्तर मी देणार नाही. पुढच्या बाजाराला येऊन तुम्ही द्या."

मला उत्तर सुचलं नाही, बाई. म्हणून पुढच्या बाजाराला मी आलो नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. हरून तुमच्या दारात यायचं नव्हतं. सगळा उन्हाळा असा गेला. जूनमध्ये साक्षीला फोन आला.

दहाव्याला आम्ही नदीवर आलो. साक्षी माझ्याबरोबर होती, ती आता शहापूरला कॉलेजात जाते. तुमचे विद्यार्थी किती होते म्हणून सांगू! कोणी गाडीवरून, कोणी कंपनीचा शर्ट अंगावर तसाच. रोहनही होता, त्याला मिशी फुटलीय. आमच्या गावचा सुदाम होता. त्याच्या मनात वाईट नसतं, जीभच सैल आहे. घाटाच्या पायरीवर बसून तो कोणाला तरी सांगत होता, "बाई हुशारच हो. आमच्या आबांची पन सही उचलली होती एकदा!"

तुमची मुलगी दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने ऐकलं. ती वर आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यावर तुमच्या अक्षरात माझं नाव. म्हणाली, "आईच्या कपाटात होतं हे. तुम्हाला द्यायचं होतं." आणि मग म्हणाली, "आबा, ते म्हणतात ते खरं आहे का? आईने असं केलं होतं?"

मी काय केलं असेल, सांगा. पंचाहत्तर वर्षांचा माणूस. तुमच्या पिंडासमोर. आजूबाजूला पन्नास माणसं. मी नदीकडे बघितलं. गप्प बसलो. दुसऱ्यांदा.

परतीच्या जीपमध्ये मी पिशवी उघडली. तोच कागद. पोरांची घटना. शेपटाची सही. खालचा निम्मा भाग तसाच कोरा. घडीवर फाटू नये म्हणून तुम्ही मागून पट्टी चिकटवली होती. मी वाचायला लागलो. साक्षी खिडकीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिकडेच बघत म्हणाली, "आबा, मी तिथंच होते. ओटीवर. बाईंनी विचारलं होतं तुमाला, वाचून दाखवू का म्हणून."

मी सहीच्या शेपटावर बोट ठेवलं.

"आनि त्या उद्देशिकेतल्या चुका मी मुद्दाम करायचे. बाईंनी सांगितलं होतं, रोज एक. जास्त नाय. जास्त केल्यास तर आबा माझ्यावर चिडतील, मी शिकवत नाय म्हणून."

"सात वर्षं बोलली नायस?"

"बाई म्हणाल्या होत्या, आबांना वेळ दे. ते स्वतः सांगतील."

जीपमध्ये दहा माणसं होती. कोणाचं तरी कोंबडं पायाशी ओरडत होतं. मी तो कागद मांडीवर धरून बसलो होतो, आणि त्या कोऱ्या भागाकडे बघता बघता मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसलं. म्हणजे माझ्याच प्रश्नाचं. लिहून ठेवतो, तुम्ही तपासा.

माझ्या आज्याने मान घेतला आणि खाली जागा ठेवली नाही. घटनेच्या लोकांनी तीन वर्षं भांडून लिहिलं, आणि खाली दुरुस्तीला जागा ठेवली. आपण मेल्यावर कोणीतरी येईल, त्याला काही वेगळं म्हणायचं असेल, हे त्यांनी धरलं होतं. म्हणजे मी आईच्या पोटात होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं नाही हे खरं, पण माझी जागा राखली होती. बसलो नाही तो मी. बरोबर आहे का, बाई? बाजाराचा दिवस चुकला, पण उत्तर आणलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी होती, यंदाच्या सावडीची. मी पारावर गेलो. नेहमीच्या दगडावर बसलो नाही, उभा राहिलो. म्हटलं, "सावडीचं मागाहून. आधी एक वाचतो."

मी पिशवीतून कागद काढला आणि वाचायला लागलो. पहिल्या ओळीपासून. मी घरी वाचतो तेव्हा बरा वाचतो. माणसांपुढे जीभ जड झाली. अडखळलो, मागे आलो, परत वाचलं. 'संमती' या शब्दापाशी पुरता थांबलो. कोणी हसलं नाही. सगळ्यांना ऐकू येत होतं मी कसा वाचतो ते. तेच मला हवं होतं. सगळा कागद संपला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"हे मी आज पहिल्यांदा वाचून दाखवतोय," मी म्हटलं. "सही केली तेव्हा मला वाचता येत नव्हतं. बाईंनी विचारलं होतं, वाचून दाखवू का. मीच नको म्हटलं. त्यांनी फसवलं नाय. मी खोटं बोललो. मला वाचायला पन त्यांनीच शिकवलं."

शाळेतून परिपाठाचा आवाज येत होता. मग सुदाम उठला, टोपी काढली, म्हणाला, "आबा, मी काल नदीवर..."

"तू आज संध्याकाळी मुरबाडला फोन कर. तुझं तू सांग. माझं मी लिहून पाठवतो."

मग सावडीचं निघालं. मी म्हटलं, कागदात लिहिलंय तसं पहिला मान यंदा आमच्या घराचा नाय. सुरुवात शेवटच्या घरापासून करू. सखू बायांमध्ये मागे बसली होती. मी मोठ्या मनाने म्हटलं, "सखू, यंदा पहिलं शेत तुझं."

ती उभी राहिली. पदर कमरेला खोचला. "मला नको पहिलं."

"का गो?"

"माझा तुकडा वरच्या अंगाला. पहिल्या आठ दिवसांत तिथं पानी चढत नाय, चिखल होत नाय. कोरड्यात रोप लावू का? मला सहावं-सातवं द्या."

"मंग एवढी वर्षं बोलली का नायस?"

"विचारलंत कधी, दादा?"

बाया हसायला लागल्या. मग गडीही हसायला लागले. मीसुद्धा.

इथे तुमची पोरं चुकली, बाई, आणि तुम्हीही. विचारल्याशिवाय नियम नाही असं वर लिहिलं आणि खाली सखूला न विचारता तिचा नियम केला. एवढ्या वर्षांत तुमच्याशी एक भांडण तरी मी जिंकलो. तुम्ही असतात तर अंबाड्यातली पेन्सिल काढून म्हणाला असतात, मग दुरुस्त करा की.

रोहनकडे पेन होतं. मी पारावरच मांडी घातली, गुडघ्यावर कागद ठेवला. त्या शेवटच्या कलमावर एक आडवी रेघ मारली, एकच, जुनं वाचता येईल अशी. त्याच्या खाली लिहिलं. 'दर वर्षी आधी चौदाही घरांना विचारावं, कोणाच्या शेतात पाणी केव्हा येतं. मग क्रम ठरवावा. दोघांना एकच दिवस हवा असेल तर चिठ्ठी टाकावी.' लिहायला बराच वेळ लागला. सगळे थांबले. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं, आणि सखूला म्हटलं, सांग आता मी काय वाचलं. तिने सांगितलं. बरोबर सांगितलं.

मग मी सही केली. शेपूट खाली ओढलं नाही, जागा जपून वापरायची होती. खाली अजून चार बोटं जागा कोरी आहे.